आधी पोरगं वर्गात बसू द्या, कागद नंतर बघू

१ जूनला फेसबुक उघडून बघा, निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस असतो. काका, मामा, रिटायर झालेले तलाठी, एखाद-दुसरे माजी सरपंच, सगळ्यांना एकाच दिवशी शुभेच्छा. कारण आपल्या सगळ्यांना माहितीये, जूनमध्ये शाळा उघडायची, गुरुजी वाडीवस्तीवर फिरून पोरं गोळा करायचे, डोक्यावरून हात नेऊन दुसऱ्या बाजूचा कान धरता आला की पोरगं पहिलीच्या वयाचं झालं, आणि जन्मतारीख कुणालाच ठाऊक नसली की रजिस्टरला १ जून टाकून मोकळे. आपण ह्याच्यावर हसतो, मीम बनवतो, ठीक आहे. पण त्या पद्धतीत एक गोष्ट होती जी आता राहिलेली नाहीये. पोराचा पहिला सरकारी कागद शाळा स्वतः तयार करायची. आईबापाकडे काही नसलं तरी अडायचं नाही, उलट शाळेचा तोच दाखला पुढे नोकरीला, जातीच्या दाखल्याला, पेन्शनला जन्मभर पुरायचा. आता शाळेच्या दारात गेलं की आधी कागद दाखवा, मग पोरगं दाखवा.

जुने दिवस लई भारी होते असं मी म्हणत नाहीये हां. गुरुजी कुणाच्या अंगणात जायचे आणि कुठल्या वस्तीकडे बघायचेसुद्धा नाहीत हे गावात वाढलेल्या कुणालाही विचारा. माझं म्हणणं एवढंच आहे की सरकारी शाळेत नाव घालणं हे आईबापाने धावपळ करून मिळवायचं काम नाही, ते शाळेचं आणि शाळा चालवणाऱ्या जिल्हा परिषदेचं, नगरपालिकेचं, महापालिकेचं काम आहे. आणि गंमत म्हणजे कायदासुद्धा हेच म्हणतो, आपण तो उलटा वापरतोय.

मी राहतो तिकडे बांधकामं जोरात चालू आहेत. एका साईटवर परभणीकडचं एक कुटुंब आलेलं, नवरा-बायको दोघंही कामाला, पोरगं गावाकडे झेडपीच्या शाळेत दुसरी पास झालेलं. जुलै महिना, शाळा सुरू होऊन महिना झालेला आणि पोरगं वाळूच्या ढिगावर. ती बाई शाळेत जाऊन आली होती, तर म्हणे "सर म्हणले गावाकडून दाखला आणा, मग बघू." दाखला म्हणजे एलसी, शाळा सोडल्याचा दाखला. आता तो आणायचा म्हणजे नवऱ्याने दोन दिवसांची हजेरी बुडवायची, एसटीचं भाडं घालायचं, तिकडे हेडमास्तर मीटिंगला तालुक्याला गेलेले नसले तर दाखला मिळणार, आणि ठेकेदाराने तेवढ्यात दुसरा माणूस लावला नाही तर बरं. म्हणून ते "दिवाळीला गावी जाऊ तेव्हा आणू" असं ठरवून बसले होते. दिवाळीला! म्हणजे पोराची अख्खी सहामाही गेली.

मी बाईंबरोबर शाळेत गेलो. मला वाटलं होतं कुणीतरी खडूस माणूस भेटेल आणि मस्त भांडता येईल. तसं काही नाही, मुख्याध्यापक बाई चांगल्या होत्या, पोराला जवळ बोलावून फळ्यावरचं वाचायला लावलं, त्याने वाचलं, तर खूष झाल्या. मग म्हणाल्या, "अहो मला काय हौस आहे का परत पाठवायची, पण ह्याचं आधारवर आडनाव वेगळ्या स्पेलिंगने आहे, आईचं आधार गावच्या पत्त्याचं, आणि आधार व्हॅलिड झालं नाही तर हा माझ्याकडे पटावर धरत नाहीत. पट कमी झाला की माझा एक शिक्षक जातो." मला तिथे काही बोलताच आलं नाही, कारण त्यांचं खरं होतं.

हे पटाचं प्रकरण जरा नीट समजून घ्या, सगळी मेख तिथेच आहे. शाळेला किती शिक्षक मिळणार हे संच मान्यतेवर ठरतं, संच मान्यता पटावर ठरते, आणि गेली काही वर्षं पट म्हणजे आधार व्हॅलिड झालेली पोरं. नाव एका अक्षराने वेगळं, जन्मतारखेत एक आकडा वेगळा, की ते पोरगं रोज पहिल्या बाकावर बसून खिचडी खाऊन जात असलं तरी हिशोबात नाही. सुप्रीम कोर्टाने २०१८ च्या सप्टेंबरमध्ये आधारच्या निकालात शाळाप्रवेशाला आधार सक्तीचं करता येणार नाही असं स्वच्छ सांगितलंय. त्यामुळे कागदोपत्री कुणीच सक्ती करत नाही, प्रवेश आधारशिवाय देता येतोच, फक्त दिलात तर तुमच्या शाळेचं नुकसान होईल अशी सोय करून ठेवलीये. आता तुम्ही मुख्याध्यापक असाल तर काय कराल? गोड बोलून "ते आधार तेवढं दुरुस्त करून या ना ताई" असंच म्हणाल. आणि ती ताई परत येत नाही. कुठेही "प्रवेश नाकारला" अशी नोंद होत नाही, रेकॉर्ड एकदम स्वच्छ.

कायदा काय म्हणतो बघा. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. कलम १४, वयाचा पुरावा नाही म्हणून कुठल्याही मुलाला प्रवेश नाकारता येणार नाही. जन्मदाखला नसेल तर दवाखान्याची नाहीतर नर्सबाईंच्या रजिस्टरची नोंद चालते, अंगणवाडीची नोंद चालते, आणि तीही नसली तर पालकाने लिहून दिलेलं चालतं. कलम ५, मूल दुसऱ्या शाळेत जाणार असेल तर आधीच्या मुख्याध्यापकाने दाखला लगेच द्यायचा, दिला नाही तर त्याच्यावर कारवाई, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दाखला यायला उशीर झाला ह्या कारणाने नव्या शाळेने प्रवेश लांबवायचा नाही. कलम ४, शाळा सुटलेलं मूल वयाप्रमाणे योग्य त्या वर्गात बसवायचं आणि मागे पडलेलं वेगळं शिकवून भरून काढायचं. कलम ९ तर थेट स्थानिक संस्थेवरच जबाबदारी टाकतं, आपल्या हद्दीतल्या चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांची नोंद ठेवायची, त्यांचा प्रवेश, हजेरी बघायची आणि स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळतोय ना हेही बघायचं. मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य आहे असंही कायद्यात आहे, कलम १०, तेही खरं. पण ती परभणीची बाई कर्तव्य करायलाच तर आली होती ना, दोन किलोमीटर चालत, हजेरी बुडवून.

आणि तो एलसीचा कागद, तो आणायला माणूस पाठवायची गरजच नाही. सरल ह्या राज्याच्या शालेय पोर्टलवर नवी शाळा जुन्या शाळेला ऑनलाइन रिक्वेस्ट टाकते, जुनी शाळा अप्रूव्ह करते, पोरगं इकडे. यू-डायस प्लस ह्या केंद्राच्या पोर्टलवरही प्रत्येक मुलाला पेन नंबर, म्हणजे कायमचा शिक्षण क्रमांक आहे, त्याच्यावरून नवी शाळा त्याला ओढून घेऊ शकते. म्हणजे काम दोन शाळांच्या मधलं आहे, कॉम्प्युटरवर होणारं आहे, आणि आपण त्यासाठी एका गवंड्याला एसटीत बसवतोय. त्या दिवशी शेवटी झालं काय, तर मुख्याध्यापक बाईंनी गावच्या शाळेच्या सरांना स्वतःच्या मोबाईलवरून फोन लावला, पाच मिनिटं बोलल्या, आणि पोरगं दुसऱ्या दिवसापासून वर्गात. एक फोन. तो पहिल्याच दिवशी लावायची सिस्टीम नाही एवढंच, सगळं त्या माणसाच्या चांगुलपणावर.

आता ह्याच्यावर शिक्षण खात्यातला माणूस काय म्हणेल तेही मला माहितीये, आणि त्याचं पूर्ण चुकीचं नाहीये. बोगस पट. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ ला राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली, अधिकारी शाळाशाळांत जाऊन डोकी मोजून आले, आणि कागदावरची लाखो पोरं जागेवर सापडलीच नाहीत. त्यांच्या नावावर अनुदान, पोषण आहार, शिक्षकांची पदं, सगळं उचललं जात होतं. त्यानंतर खात्याचा पोरांच्या संख्येवरचा विश्वासच उडाला आणि मग आधार, फोटो, पोर्टल हे सगळं वाढत गेलं. कबूल. पण एक सांगा, तो घोटाळा केला कुणी? संस्थाचालकांनी, खालीवर हात ओले करणाऱ्या लोकांनी. वीटभट्टीवरच्या बाईने आपलं पोरगं दोन शाळांत दाखवून खिचडी लाटली होती का? आणि एवढं सगळं ऑनलाइन केल्यावरही २०२५ मध्ये नागपूरला शालार्थ आयडीचा, म्हणजे शिक्षकांच्या पगाराच्या ऑनलाइन ओळखक्रमांकाचा घोटाळा बाहेर आलाच की, तिथे तर बोगस शिक्षकच पगार घेत होते. चोर हुशार असतो, तो आधार, ओटीपी सगळं जमवतो. अडकतो तो ज्याच्याकडे झेरॉक्सला सुट्टे नाहीत. मोजायचंच असेल तर पोरं मोजा, २०११ सारखी अचानक जाऊन डोकी मोजा, वर्षातून दोनदा मोजा, माझी काही हरकत नाही.

दोनदा का म्हणतोय ते सांगतो. संच मान्यतेला पट धरला जातो तो ३० सप्टेंबरचा. आणि महाराष्ट्रात लोक कामासाठी गाव सोडतात कधी? बीड, जालना, अहिल्यानगरकडचे ऊसतोड कामगार दसरा-दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन निघतात, साधारण मार्च-एप्रिलमध्ये परततात. वीटभट्ट्यांचंही तसंच, पाऊस संपला की भट्टी सुरू. म्हणजे ही सगळी पोरं ३० सप्टेंबरला गावाकडच्या पटावर असतात आणि नंतर जिथे जातात तिथल्या शाळेला त्यांचा एका पैशाचा उपयोग नाही, नुसता ताप. वर्गात अचानक वीस-पंचवीस पोरं वाढली तर शिक्षक वाढणार का? नाही. मग कारखान्याजवळच्या शाळेतले सर कोप्यांवर, म्हणजे ऊसतोडवाल्यांच्या झोपड्यांवर जाऊन पोरं का शोधतील? तरी काही शिक्षक जातात, त्यांना खरंच दंडवत. शिक्षण हमी कार्ड नावाची चांगली गोष्ट आपल्याकडे आहे, स्थलांतर करणाऱ्या पोराबरोबर ते कार्ड द्यायचं, त्यावर तो कुठल्या इयत्तेत आहे, कुठवर शिकलाय ते लिहिलेलं, नव्या शाळेने बघायचं आणि बसवून घ्यायचं, बाकी काही विचारायचं नाही. कल्पना एकदम बरोबर आहे. फक्त कार्ड घेऊन आलेलं पोरगं ज्या शाळेत बसलं तिथे त्याला कुठेतरी धरा, जानेवारीत दुसरी मोजणी करा, त्यावर तात्पुरता शिक्षक द्या, मग बघा शाळा कशा दारात उभ्या राहून पोरं बोलावतात ते.

शहरात तर अजून एक अजब प्रकार. पहिलीला महापालिकेच्या शाळेत गेलात की जन्मदाखला मागतात. जन्मदाखला देतं कोण? महापालिकाच! तिचंच क्षेत्रीय कार्यालय, त्याच शहरात, बऱ्याचदा त्याच रस्त्यावर. म्हणजे महापालिका पालकाला सांगते की माझ्या ह्या खोलीतला कागद माझ्या त्या खोलीत आणून दे, आणि मधल्या रांगेत तू उभा राहा. गावातही जन्म-मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत ग्रामसेवकाकडे, आणि शाळा जिल्हा परिषदेची, समोरासमोर. सहा वर्षांपूर्वी ह्या गावात कोण कोण जन्माला आलं ह्याची यादी ज्यांच्या कपाटात आहे त्यांनाच पहिलीला कोण येणार हे माहिती नसतं. ती यादी मार्चमध्ये शाळेला द्या आणि त्या घरांना एक पत्र पाठवा, "तुमच्या मुलीचं नाव आमच्या शाळेत पहिलीला धरलेलं आहे, १५ जूनला घेऊन या, दुसरीकडे घालणार असाल तर कळवा." लोक खाजगीत घालायचं तर घालतीलच, पण निदान बोलावणं तर जाईल.

हे लवकर करायला पाहिजे कारण पुढे अजून एक गोंधळ येतोय. जन्म-मृत्यू नोंदणीच्या कायद्यात २०२३ ला दुरुस्ती झाली, १ ऑक्टोबर २०२३ पासून पुढे जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशासाठी जन्मदाखला हाच पुरावा. ती पोरं २०२९ च्या जूनमध्ये पहिलीला येतील. एकीकडे शिक्षण हक्क म्हणतो वयाचा पुरावा नसला तरी घ्या, दुसरीकडे हा कायदा म्हणतो जन्मदाखलाच हवा. मग ज्यांची नोंदच झाली नाही त्यांचं काय, पालावर जन्मलेली, फडात जन्मलेली, पारध्याच्या बेड्यावर जन्मलेली? शाळेला माझी विनंती अशी की दाखला मागा जरूर, पण प्रवेश दिल्यानंतर मागा, आणि नसेल तर काढून देणं ही शाळेची आणि पालिकेची जोडीने जबाबदारी ठेवा. आधारचंही तसंच, पाचव्या वर्षी बोटांचे ठसे अपडेट करावे लागतात म्हणजे बरोबर पहिलीच्या आसपास, तर ती मशीन जूनमध्ये शाळेत आणा ना. आईला सेंटरवर टोकन घ्यायला पहाटे उठवू नका.

पण नुसत्या कागदांवर बोललो तर निम्मंच बोलल्यासारखं होईल. सरकारी शाळेतून पालक निसटतो तो बऱ्याचदा सहाव्या वर्षी नाही, तिसऱ्या वर्षी. खाजगी शाळेचं नर्सरीचं "अ‍ॅडमिशन ओपन"चं बॅनर दिवाळीनंतर चौकात लागतं, मागे व्हॅन, पुढे हसरी पोरं, खाली दोन मोबाईल नंबर, फोन केला तर पलीकडून "हॅलो मॅम" करून बोलणारी मुलगी. सरकारी शाळा बहुतेक ठिकाणी सुरू होते थेट पहिलीपासून. त्याआधी अंगणवाडी आहे, पण अंगणवाडी महिला व बालविकास खात्याची आणि शाळा शालेय शिक्षणाची, दोघांचा एकमेकांशी संबंध शेजाऱ्यांइतकाच. ज्या घराने तीन वर्षं नर्सरी, एलकेजी, यूकेजीची फी भरली ते पहिलीला पोराला तिथून काढून झेडपीत का घालतील? पोराच्या मैत्रिणी तिथे, आईची ओळख तिथे. त्यामुळे पहिलीच्या वेळी मे महिन्यात शिक्षक घरोघरी "पट वाढवा" करत फिरतात तेव्हा खरं तर निर्णय तीन वर्षांपूर्वीच झालेला असतो. नवीन शैक्षणिक धोरणात ३ ते ८ हा एकच टप्पा म्हणून धरलाय, तर मग प्रत्येक सरकारी शाळेला जोडून बालवाडी पाहिजे, आणि अंगणवाडीतून पहिलीत जाताना प्रवेश हा शब्दच यायला नको, पोराने बाजूच्या खोलीत जाऊन बसायचं.

सरकारला सरकारी शाळा भरायच्याच नाहीत असं नाहीये, पण त्याची तऱ्हा बघा. २०२४ च्या फेब्रुवारीत नियम बदलला, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर तिथल्या विनाअनुदानित खाजगी शाळेला आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातल्या गरीब मुलांसाठीच्या २५ टक्के जागा द्यायला नकोत. म्हणजे गरिबाच्या पोराने जवळच्या सरकारी शाळेतच जावं. एप्रिलमध्ये पोर्टल उघडलं, पालकांनी पाठ फिरवली, अर्ज अगदीच कमी आले. ६ मेला मुंबई हायकोर्टाने स्थगिती दिली, जुन्या पद्धतीने अर्ज सुरू झाले तशी परत झुंबड, आणि १९ जुलैला कोर्टाने तो नियमच रद्द केला. ह्यातून काय दिसतं? दुसरं दार लावून घेतलं म्हणून लोक तुमच्या दारात येत नाहीत. आणि त्याच आरटीईच्या पोर्टलवर खाजगी शाळा नकाशावर दिसतात, जागा दिसतात, लॉटरीचा एसएमएस येतो. सरकारी शाळेसाठी असं काय आहे हो? माझ्या घराजवळची महापालिकेची शाळा कुठली, माध्यम कुठलं, सेमी इंग्रजी आहे का, फोन कुणाला करायचा, हे शोधायला गेलो तेव्हा मला शेवटी रिक्षावाल्याने सांगितलं.

हो, मी स्वतःच्या मुलीसाठीच शोधत होतो. सोसायटीत कळल्यावर एका काकांनी हळूच विचारलं, "जॉबचं काही झालंय का?" ते जाऊ द्या. शाळेतसुद्धा पहिला प्रश्न "इथे? का बरं?" असा आला, अगदी आपुलकीने, पण त्यात असं होतं की चांगल्या घरचा माणूस इथे येतो म्हणजे काहीतरी अडचण असणार. जिथे शिक्षकांनाच वाटतं की इथे येणारा नाइलाजाने येतो, तिथे वाळूच्या ढिगावरून आलेल्या बाईला काय वागणूक वाटत असेल? तिला बसायला खुर्ची मिळत नाही, ती दाराशी उभीच राहते, तिला कुणी बस म्हणतही नाही आणि कुणी हाकलतही नाही. १५ जूनला मात्र प्रवेशोत्सव, सजवलेली बैलगाडी, पोरांना गुलाबाचं फूल, साहेब येणार म्हणून मांडव. मला त्या उत्सवाचा राग नाहीये, पोरांना मजा येते, येऊ द्या. पण गुलाब त्यालाच मिळतो ज्याचं नाव आधीच लागलंय.

चांगली उदाहरणं आपल्याकडेच आहेत. मुंबई महापालिकेने २०२२ ला "मिशन अ‍ॅडमिशन" काढलं, एक लाख नवीन मुलांचं टार्गेट ठेवलं, शिक्षक वस्त्यांमध्ये फिरले. तिथे आठ भाषांमधून शाळा चालतात, त्यामुळे तमिळ, तेलुगू, उर्दू बोलणाऱ्या आईला निदान कुणीतरी तिच्या भाषेत बोलणारं भेटायची शक्यता असते. बाकी शहरांत साईटवर तेलंगणाचे लोक, छत्तीसगढचे लोक, आणि शाळेच्या गेटवरचा बोर्ड फक्त मराठीत, तोही "विनापरवानगी आत येऊ नये". त्याच्या शेजारी हिंदीत, तेलुगूत, जे लागेल त्या भाषेत दोन ओळी रंगवायला किती खर्च येतो? "प्रवेश वर्षभर चालू. कागद नसले तरी या." तसंच २०२२ पासूनचं "पहिले पाऊल", शाळेत मेळावा भरवतात, टेबलं मांडतात, पोराला उडी मारायला लावतात, रंग ओळखायला लावतात, चित्रावर बोलायला लावतात, आणि आईच्या हातात एक पत्रक देतात की ह्याला हे येतंय, ह्याची एवढी तयारी घरी करून घ्या. मी एक मेळावा बघितलाय, ज्या बाया एरवी गेटच्या आत येत नाहीत त्या तिथे मांडी घालून बसून खडे मोजत होत्या. कुणी त्यांना आधार विचारला नव्हता.

फॉर्म भरतानाची एक गोष्ट सांगायची राहिली, ती दिसायला बारीक आहे पण पुढे रडवते. जनरल रजिस्टर. प्रवेशाच्या दिवशी त्यात जे लिहिलं जातं, नावाचं स्पेलिंग, जन्मगाव, जात-पोटजात, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, ते पुढे पन्नास वर्षं त्या माणसाचा पाठलाग करतं. जात पडताळणीला लोक आजोबांच्या शाळेचा उतारा शोधत फिरतात तो ह्याच रजिस्टरचा. आणि ते लिहिलं जातं कसं, तर बाहेर पोरांचा गोंधळ, सर घाईत, आई दबलेली, सर विचारतात जात, ती समाजाचं बोलीतलं नाव सांगते, सर त्यांना कळेल ते लिहितात. एकटी आई असली तर "वडिलांचं आधार?" हा प्रश्न चारचौघांत. कृपा करून हे वीस मिनिटं शांत बसून करा, लिहिलेलं आईला मोठ्याने वाचून दाखवा, मग सही नाहीतर अंगठा घ्या.

आता मोठा आक्षेप. लोक म्हणतील, हे सगळं वरवरचं आहे, शिकवणं सुधारा, पालक रांगा लावतील. खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या झेडपी शाळेला २०२५ मध्ये जागतिक पातळीवरचं बक्षीस मिळालं, अशा शाळांत प्रवेशासाठी लोक लांबून येतात, त्यांना बोर्ड लावावा लागत नाही. खरंय. पण असा नावाजलेला मुख्याध्यापक प्रत्येक गावाला मिळणार नाही, आणि साध्या, बऱ्यापैकी चालणाऱ्या शाळा आपल्याकडे हजारो आहेत ज्यांच्यात काय चाललंय हे पालकाला कळतच नाही कारण तो आतच आलेला नाही. वीस किंवा त्याहून कमी पटाच्या १४ हजारांवर शाळा राज्यात २०२३ मध्ये होत्या, अशा शाळा बंद करायच्या की जवळच्या काही एकत्र करून समूह शाळा करायच्या ह्यावर दर वर्षी वाद होतो. त्यातल्या बऱ्याच वाड्या-पाड्यांवर मुळात पोरंच कमी आहेत, तिथे माझ्या कुठल्याही उपायाने पट वाढणार नाही, हेही सांगून टाकतो. पण शहराच्या कडेला, एमआयडीसीच्या मागे, कारखान्याच्या तळावर पोरं भरपूर आहेत आणि शाळेत नाहीत, तिथे गुणवत्तेची चर्चा नंतर करू, आधी त्यांना आत घ्या.

आणि हे सगळं कोण करणार? परत शिक्षकच? झेडपीच्या प्राथमिक शाळेत क्लार्क नसतो, शिपाई नसतो, मुख्याध्यापकच घंटा देतो, खिचडीचा हिशोब ठेवतो, सरल, यू-डायस, अपार आयडी भरतो, निवडणूक आली की बीएलओ होऊन मतदार यादीचं काम करतो, आणि उरलेल्या वेळात चौथीचं गणित घेतो. प्रवेशाचा खरा सीझन मे महिना, तेव्हा शाळेला कुलूप. खाजगी शाळेचं ऑफिस मेमध्ये एसी लावून चालू असतं. म्हणून केंद्रामागे, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटामागे एक माणूस द्या, एप्रिल ते जुलै चार महिने, त्याच भागातली बारावी झालेली एखादी मुलगी चालेल, तिला मोबाईल आणि पोर्टलचं लॉगिन द्या. ती संध्याकाळी सातला, लोक कामावरून आल्यावर, रविवारी साईटवर जाईल, नाव लिहून घेईल, जुन्या शाळेला फोन लावेल, दाखल्याची रिक्वेस्ट टाकेल, दिव्यांग पोरगं असेल तर त्याला कुठल्या शाळेत रॅम्प आणि विशेष शिक्षक आहे ते बघून सांगेल, आणि शाळा उघडायच्या दिवशी आईच्या सोबत गेटपर्यंत चालत जाईल. तिच्या मानधनाचे पैसे कुठून आणायचे असं कुणी विचारलं तर सुरुवातीला प्रवेशोत्सवाच्या मांडवाचं आणि फ्लेक्सचं बिल काढून बघा, पहिल्या वर्षाचं भागेल.